नलूच्या ताडपत्रीची दोरी

गुरुवार उजाडला, आंजीचा बाजार भरला, की प्रभाकररावांच्या माडीवरचं मशीन मान टाकायचं. वेळही ठरलेली, दुपारी बारा ते दोन. पडद्यावर आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओकारी टाकायची आणि मग काही केल्या हलायचं नाही. शुक्रवार ते बुधवार तेच मशीन इतकं शहाण्यासारखं चाले, की त्याच्याविरुद्ध तक्रार करणाराच खोटा पडावा.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. खाली प्रभाकररावांचं बियाण्याचं दुकान आणि वर त्यांच्या मुलाने, धर्मेंद्रने, काढलेली कॉम्प्युटरची खोली. सहा कॉम्प्युटर, फोनची एक लाईन, आणि त्या लाईनवरचं इंटरनेट सहा जणांत वाटून देणारं कोपऱ्यातलं सातवं मशीन. या सातव्याची राखण आचलकडे होती. आचल गावातल्याच बंडूजींची लेक. बंडूजी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि तिची आई वच्छला ते बाजारात बसून विकायची. आचलने वर्ध्याला एस.टी.ने जाऊन-येऊन कॉम्प्युटरची पदवी घेतली होती, आणि अख्ख्या आंजीत तिच्या शिक्षणाला साजेसं काम एकच होतं, ते म्हणजे हे.

"गेलं ना पुन्हा!" धर्मेंद्र जिना चढता चढताच ओरडला. "बाजाराच्याच दिवशी गिऱ्हाईक येते, अन् बाजाराच्याच दिवशी तुयं मशीन मरते. इंटरनेट वाटाले नागपूरले तयार डबा भेटते, आचल. भिंतीले ठोकला का झालं. त्याले सांभायाले माणूस बी नाई लागत."

माणूस लागत नाही म्हणजे आचल लागत नाही, हे त्याने बोलायची गरज नव्हती. तिला ते पुरतं कळलं. पण तिचा स्वभाव असा विचित्र, की नोकरीच्या काळजीपेक्षा डोक्यातला प्रश्न तिला जास्त छळे. गुरुवारच का? मशीनला वार कोणी शिकवला?

मग तिने एक वही सुरू केली. मशीन कधी पडलं, तेव्हा खोलीत कोण होतं, कोण काय बघत होतं, पंखा चालू होता की बंद, सगळं लिहिलं. तीन गुरुवार लिहून झाल्यावर तिला दिसलं, की ज्या दिवशी वारा जास्त त्या दिवशी मशीन लवकर पडतं. चौथ्या गुरुवारी तिने बरोबर बाराला इंटरनेट तोडून फोनचा रिसीव्हर कानाला लावला. आत नुसती खरखर. वारा थांबला की खरखर थांबे, सुटला की पुन्हा सुरू.

ती जिना उतरली आणि मान वर करून फोनच्या तारेखालून चालू लागली. तार बियाण्याच्या दुकानावरून निघाली, सलूनवरून गेली आणि बाजाराच्या मधोमध एका लोखंडी खांबावर पोचली. खांबाला वर एक लहान पेटी होती, तिथे तारांचे जोड. आणि त्या पेटीच्याच पट्टीला कोणीतरी ताडपत्रीची दोरी करकचून बांधली होती. दुपारच्या वाऱ्याने ताडपत्री फुगली की पेटी हले. आचलने नजर दोरीवरून खाली आणली, तर ताडपत्रीच्या बाजूला, मेथीच्या जुड्यांमागे, तिची स्वतःची आई बसली होती.

"आई, हे दोरी कोणं बांधली?"

"म्या. काऊन व?"

"तुह्यावर तर वेगळी ताडपत्री आहे. हे कोणाची?"

"नलूची."

ताडपत्रीखाली कोणीच नव्हतं. झाडून काढलेली जमीन, तिच्यावर एक पोतं आणि पोत्यावर एक चपटा काळा दगड. नलू आणि वच्छला वीस वर्षं या बाजारात शेजारी बसल्या. दीड वर्षापूर्वी नलूला लकवा मारला आणि तिचा भाऊ पुंडलिकराव तिला नाचणगावला आपल्या घरी घेऊन गेला. तेव्हापासून वच्छला दर गुरुवारी आधी नलूची ताडपत्री बांधे, मग आपली. कोणी विचारलं तर म्हणे, येईल ती. आंजीच्या बाजारात जागेवर दगड असला की ती जागा कोणाची तरी असते आणि दुसऱ्याचा दगड कोणी उचलत नाही. त्यामुळे बाकीच्या बायका दाटीवाटीने बसत, लहानूची बायको तर रस्त्याच्या कडेला, पण नलूच्या जागेला कोणी हात लावत नसे.

आचलने धर्मेंद्रला दोरीचं सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. "घरचाच चोर निघाला म्हणजे! मंग सोड ना ते दोरी. झालं. तुयं काम कायम, मी डबा आणत नाई."

इतकं सोपं होतं. दोरी दुसरीकडे बांधायची आणि नोकरी वाचवायची. कोणीही शहाण्या मुलीने तेच केलं असतं.

"नाई, भाऊ," आचल म्हणाली. "दोरीनं लाईन खराब होते, हे बरोबर. पण लाईन खराब झाली तर इंटरनेट हळू चालाले पाह्यजे, बंद पडाले पाह्यजे. मशीन काऊन मरते? चूक मशीनच्या आत आहे. दोरीनं फक्त ते दाखवली."

"आपल्याले काय करायचं आतलं?"

"मले पाह्यचं आहे."

खाली गल्ल्यावर बसलेले प्रभाकरराव हे सगळं ऐकत होते. त्यांना मशीनमधलं ओ का ठो कळत नसे, पण तरुणपणी त्यांनी घरातले तीन रेडिओ उघडून पाहिले होते आणि एकही परत लागला नव्हता. ते वरच्या दिशेने म्हणाले, "पाहू दे तिले. दोन बाजार देले. तिसऱ्या गुरुवारी पडलं तर तुया डबा आण."

आणि आचलने दोरी तशीच राहू दिली.

त्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टम फुकटची होती, एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून टाकलेली. तिची गंमत ही, की तिच्या पोटातला सगळा मजकूर उघडा. अगदी कर्नलसुद्धा, म्हणजे तिचा गाभा, जो मेमरी वाटतो आणि आलं-गेलं सांभाळतो. ओकारीतल्या आकड्यांवरून आचलने कर्नलमधली नेटवर्कची ती फाईल शोधून काढली आणि रोज दुपारी खोली रिकामी झाली की वाचायला बसू लागली. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ कळली आणि मग जेवणाची आठवणही राहिली नाही.

प्रकार असा होता. मोठा संदेश वाटेत तुकडे होऊन येतो. सगळे तुकडे जमेपर्यंत कर्नल मेमरीत एक जागा धरून ठेवतो. त्या जागेचा पत्ता दोघांजवळ असतो. एक यादी, जी नव्या तुकड्याला त्याची जागा दाखवते. आणि एक घड्याळ, जे अर्धं मिनिट मोजतं. अर्ध्या मिनिटात सगळे तुकडे आले नाहीत तर घड्याळ जमलेले तुकडे फेकतं, यादीला सांगतं आणि जागा मोकळी करतं. मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्या कशाला तरी मिळते.

पण संदेशाचा पहिलाच तुकडा हरवला असेल तर घड्याळ वेगळ्या वाटेने बाहेर पडे. त्या वाटेवर जागा मोकळी होई, आणि यादीला सांगायचं मात्र राहून गेलेलं होतं. मग उशिरा एखादा तुकडा आला की यादी त्याला बिनदिक्कत जुना पत्ता देई. तिथे आता दुसऱ्याचंच बिऱ्हाड. तुकडा सरळ त्यांच्या अंगावर जाऊन बसे, आणि मशीन मरे.

"अरे वा!" आचल एकटीच मोठ्याने म्हणाली. एवढी मोठी गोष्ट, जगभरच्या हुशार लोकांनी लिहिलेली, आणि तिच्यात एक निरोप द्यायचा राहून गेलेला. तिला त्या अनोळखी लिहिणाऱ्याची कीव आली आणि मायाही वाटली. मग दुसरा विचार आला आणि हसू मावळलं. आपल्याकडे वाऱ्याने तुकडे हरवतात. पण कोणी मुद्दाम पहिला तुकडा न पाठवता बाकीचे पाठवले तर? उशिरा येणाऱ्या तुकड्यात काय लिहायचं हे पाठवणाऱ्याच्याच हातात. दुसऱ्याच्या जागेत हवं ते लिहिता आलं तर मशीन पाडणंच काय, ताब्यातही घेता येईल. आणि असली मशीन किती असतील जगात? दोरी सोडून तिची नोकरी वाचली असती; बाकीच्यांची दोरी कोण सोडणार?

आता दुरुस्ती. यादीतून पत्ता खोडावा, तर त्या वेळी यादी दुसऱ्याच भागाच्या ताब्यात असे. मध्ये हात घातला की मशीन जागीच अडकून बसे. आचलने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग तिला साधा उपाय सुचला. शंका असेल तिथे घड्याळाने जागा मोकळीच करायची नाही. असू द्यावी. कोणाची तरी असेल.

मुदतीतल्या पहिल्या गुरुवारी तिने नवा कर्नल चढवला. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राहणारी तिची मैत्रीण प्रेरणा तिकडून मोठमोठे संदेश पाठवत राहणार होती. पण वारा पडला होता, पानसुद्धा हलत नव्हतं. आचल धावत बाजारात गेली.

"आई, दोरी हलव."

"काय?"

"नलूमावशीची दोरी. मी खिडकीतून फडकं दाखवलं का हलवजो. खाली केलं का थांबजो."

वच्छलाने आयुष्यात खूप कामं केली होती, पण असलं काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. "तुह्या शिक्षणात हे बी असते?" तिने विचारलं आणि दोरी हातात घेतली. एका हाताने मेथीच्या जुड्या देत, दुसऱ्या हाताने टेलिफोनचा खांब हलवत ती दोन तास बसली. गिऱ्हाइकं विचारत, वच्छलाबाई, काय करून राह्यल्या? ती म्हणे, पोरीची परीक्षा चालू आहे.

मशीन पडलं नाही. दोन वाजले, अडीच वाजले, मशीन उभं. आचलने खिडकीतून फडकं इतकं जोरात हलवलं की वच्छलाने पुन्हा दोरी ओढायला सुरुवात केली. त्याच दुपारी आचलने दूर परदेशात बसून कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला ई-मेलने पत्र लिहिलं. असली चूक चव्हाट्यावर टाकायची नसते, म्हणून एकट्या त्यालाच. चूक काय, धोका काय, दुरुस्ती काय, आणि खाली आपलं नाव.

खाली उतरून ती आईला सांगायला गेली तेव्हा वच्छलाजवळ नाचणगावचा पुंडलिकराव उकिडवा बसलेला होता. आचलला बघून तो उठला आणि निघून गेला. आईचे डोळे लाल होते.

"काय झालं व?"

"काई नाई. मिरच्या निवडून राह्यली होती. तुयं काय झालं ते सांग."

आचल सांगत सुटली आणि पुंडलिकरावाचं विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी मशीन मेलं. सोमवारी! बाजार नाही, वारा नाही, ताडपत्री नाही. ओकारीही नाही, नुसतं हळू हळू होत गेलं आणि दुपारी थांबलं. धर्मेंद्र दारात उभा राहून म्हणाला, "वा! आधी गुरुवारचं मरे, आता कधी बी मरते. हे सुधारणा आहे का?" आचल मशीनकडे वळली. मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा टपालात त्या दूरच्या माणसाचं उत्तर आलेलं होतं. चूक खरी आहे, तुम्ही ती फार छान शोधली, असं त्याने लिहिलं होतं. आणि पुढे एकच ओळ: तुमच्या दुरुस्तीत मशीन कोसळणार नाही, पण ती जागा मग मोकळी कोण करणार?

आचलचे कान तापले. कोणीच नाही. यादी घड्याळाची वाट बघणार, घड्याळ यादीची. कोणाची नसलेली जागा कोणाची तरी म्हणून अडून राहणार, अशा हजारो जागा साचणार आणि एक दिवस मेमरीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. एवढं साधं कळू नये? लाजेने तिला जेवण गेलं नाही.

सकाळी परसात मेथीच्या जुड्या बांधताना वच्छलाने विचारलं, "अशी काऊन बसली व तोंड पाडून?" आचलने सांगितलं. मेमरीचं नाही, जागेचं सांगितलं. एका जागेला दोघं धरून असतात. एकानं सोडली अन् दुसऱ्याले माहीतच नाई, तर घोळ. म्हणून मी म्हटलं कोणीच सोडू नका. तर आता सगळ्या जागा अडकून राहतात.

वच्छलाचा हात जुडीवर थांबला.

"आमची पहिले एकच जागा होती," ती म्हणाली. "मायी अन् नलूची. तू पोटात होती तवाची गोष्ट. एकच दगड. कधी ते आधी जाये, कधी मी. जाणारीनं सांगून जायचं, का मी चालली. मागून उठन तिनं दगड उचलायचा. बस. कोणाची बारी आहे ते कधी इचारा नाई लागलं."

"सांगून जायचं," आचल म्हणाली.

"हाव. सांगून जायचं." आणि वच्छलाने पदराने तोंड पुसलं.

आचलचं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतं. ती उठलीच. जागेवर एक आकडा ठेवायचा, किती जणांनी धरली आहे त्याचा. घड्याळाने जाताना एक कमी करायचा. यादीने आपल्या सवडीने पत्ता खोडायचा आणि एक कमी करायचा. घाई नाही, मध्ये हात घालणं नाही. ज्याच्या जाण्याने आकडा शून्यावर येईल त्याने जागा मोकळी करायची. तिने चप्पल घातली ती उलटी घातली आणि तशीच माडीवर गेली.

बुधवारपर्यंत लिहून झालं. दुसऱ्या गुरुवारी वच्छलाने पुन्हा दोरी ओढली आणि मशीन उभं राहिलं. पण या खेपेला आचल हुरळली नाही. तिने आठवडाभर मोकळ्या जागा मोजल्या. रोज सकाळी आकडा तोच. मग तिने त्या माणसाला नवी दुरुस्ती पाठवली, आणि तिसरा गुरुवार आला.

त्या दिवशी स्वतः प्रभाकरराव खुर्ची घेऊन माडीवर आले. धर्मेंद्रने नागपूरच्या दुकानदाराचा नंबर खिशात ठेवला होता. सहाही कॉम्प्युटरवर माणसं. आचलने खिडकीतून फडकं वर केलं आणि खाली वच्छलाने दोरी ओढली. खांबावरची पेटी हलू लागली. इंटरनेट हळू झालं, लोक कुरकुरले, मशीन चालत राहिलं. बारा, एक, दोन. अडीचला आचलने आकडा पाहिला. धरलेल्या जागा वाढत, कमी होत, आणि फडकं खाली केल्यावर मिनिटाभरात शून्य.

"पडलं नाई," प्रभाकरराव म्हणाले, जणू त्यांनीच चौथा रेडिओ लावून दाखवला होता. धर्मेंद्रने टपाल उघडायला सांगितलं, कारण तो माणूस काय म्हणतो हे त्यालाही आता जाणून घ्यायचं होतं. उत्तर आलं होतं. दुरुस्ती घेतली. तुमच्या नावासकट. आणि एक विचारणा: तुम्ही हे तपासलं कसं? आम्हाला इथे काही केल्या लाईन तशी खराब करता येत नाही.

आचल हसत हसत खाली धावली. वच्छला दोरी धरूनच बसली होती. तळहात लाल झाला होता.

"झालं, आई! पडलंच नाई. जागा बी सगळ्या मोकळ्या झाल्या. साहेब इचारून राह्यला, तपासलं कसं म्हणून!"

"मंग आता तुले दोरी नाई लागत?"

"नाई लागत."

"पक्कं?"

"पक्कं."

वच्छला उठली. खांबाजवळ गेली आणि तिने दोरीची गाठ सोडायला घेतली. ताडपत्री दर गुरुवारी ताणायची, पण खांबाकडची ही गाठ दीड वर्षाची, पावसापाण्याने आवळलेली. दातांनी ओढावी लागली.

"आई, हे नलूमावशीची ताडपत्री..."

"नलू गेली, बाई," वच्छला गाठीकडे बघतच म्हणाली. "तू पहिल्यानं दोरी हलवाले लावली ना, त्याच्या आदल्या दिवशी. पुंडलिकराव तेच सांगाले आलता."

आचलच्या तोंडचं हसू तिथेच राहिलं. दोन आठवडे. आई रोज सकाळी तिच्या शेजारी बसून जुड्या बांधत होती, तिच्या यादीच्या आणि घड्याळाच्या गोष्टी ऐकत होती. दोन गुरुवार तिने मेलेल्या मैत्रिणीची ताडपत्री बांधली होती आणि लेकीने फडकं वर केलं की दोरी ओढली होती.

"मले सांगितलं काऊन नाई?" आचल खांबाजवळ गेली. "मंग कायले बांधली तू हे?"

"तू धरून होती ना," वच्छला म्हणाली. "तुयं काम अडलं होतं दोरीशी. मी कशी सोडू?"

गाठ सुटली. खांबावरची पेटी हलायची थांबली. मायलेकींनी ताडपत्रीची दोन-दोन टोकं धरून घडी घातली. लहानूची बायको, जी दीड वर्ष रस्त्याच्या कडेला धुळीत बसून टमाटे विकत होती, ती उभी राहून बघत होती. वच्छलाने पोतं गुंडाळून काखेत घेतलं. मग ती वाकली, तो चपटा काळा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि लहानूच्या बायकोला म्हणाली, "बस."